थरथर

फ्रीगंजमधल्या माझ्या दुकानात मे महिन्यात टेबल फॅन दिवसभर चालू असतो. लहानपणी त्याच्या तोंडाशी बसून ‘आऽऽ’ केलं नाही असं कोणी नसेल. पाती आवाज कापतात, सूर मात्र जागचा हलत नाही. ट्रेमोलो म्हणजे हेच. आंदोलनात सूर झुलतो. इथे आवाज फक्त लहानमोठा होतो. फेंडर कंपनीने नावांचीही अदलाबदल करून ठेवली. अ‍ॅम्पवरच्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो म्हटलं, आणि सूर हलवणाऱ्या गिटारच्या दांड्याला ट्रेमोलो!

काकांचा अ‍ॅम्प दुरुस्तीला आला. साठच्या दशकातला, व्हॉल्व्हचा. एके काळी ते वाद्यवृंदात हवाईयन गिटार वाजवत. “थरथर गेली रे,” एवढंच म्हणाले. आधी कोणीतरी 12एएक्स7 नवा घातला होता. व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतो, म्हणून पहिला बळी त्याचा. फूटस्विच हरवलेला. या सर्किटमध्ये त्याची तार अर्थला टेकल्याशिवाय ट्रेमोलो सुरूच होत नाही. पिन शॉर्ट करून खोचली. तीन-चार हेलकावे आले आणि विरले.

आत चारशे व्होल्ट. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून बसतात, त्यामुळे डावा हात खिशात. अशा कामाला मी सुईचाच मीटर घेतो. डिजिटलवर आकडे नुसते नाचतात. ऑसिलेटरच्या प्लेटवर सुई झुलली, झोके आखूड होत गेले, थांबली. म्हणजे निऑन दिवा आणि एलडीआर, म्हणजे प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर, कोंबलेली ती काळी नळी तूर्त निर्दोष. दिवा लुकलुकला की एलडीआर आवाज दाबतो. इथे दिव्याला लुकलुकवणाराच दमला होता.

ऑसिलेटरमध्ये कपॅसिटर-रेझिस्टरच्या तीन जोड्या. त्या सारख्या धरल्या तर पलीकडे सिग्नलचा एकोणतिसावा भाग उरतो. व्हॉल्व्हने तो निदान 29 पट वाढवला तरच फेरा चालू राहतो. पाळण्याला दर खेपेस पुरेसा झोका मिळायला हवा, तसं. व्हॉल्व्ह तर नवा. मग वाढ खाणारा कोण? कॅथोडवरचा 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, इतक्या वर्षांत आतून वाळलेला. अ‍ॅम्प बंद केला, साठलेला दाब रेझिस्टरमधून उतरवला, जुन्याच्या डोक्यावर नवा क्लिपने समांतर लावला. पुन्हा चालू. सुई झुलतच राहिली. मी चहा मागवला, तो आला, संपला, तरी झुलत होती.

संध्याकाळी काका आले. गिटार मांडीवर आडवी घेतली, पोलादी दांडी तारांवर टेकवली, एकच सूर लांबवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अरे, आधी तो पंखा बंद कर.”