कौल

दुखणेकऱ्याच्या उशाशीं बसलेल्यांस आंकडे सांगूं नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि तो योग्यच आहे. परंतु दुखणें सरून घर स्थिरस्थावर झाल्यावर तरी ते शांतपणें पाहावे, असें मला वाटतें.

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत आमचे दादा करोनानें आजारी पडले. फलटणांतच एका रुग्णालयांत त्यांना प्राणवायु लावलेला होता. 'प्लाझ्मा मिळतो का पाहा,' असें कोणी सुचविलें आणि माझा पुतण्या रात्रींच लोणंद, जेजुरी, सासवड करीत पुण्यास गेला. करोनांतून उठलेल्या माणसाच्या रक्तांतील हा पिवळसर द्रव. रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें त्यांत तयारच असतात, तेव्हां तीं दुसऱ्याच्याहि उपयोगीं पडतील, ही कल्पना कोणासहि पटण्यासारखी होती. पहांटे बर्फाच्या पेटींतून दोन पिशव्या आल्या. दादा बरे झाले. प्लाझ्मानेंच ते वाचले, हें तेव्हांपासून आमच्या घरांत ठरून गेलें आहे.

आतां आंकडे पाहूं. त्याच्या आदल्याच वर्षीं, एप्रिल ते जुलै २०२० मध्यें, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें देशांतील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर या उपायाची परीक्षा घेतली होती. नेहमींच्या उपचारांच्या जोडीस प्लाझ्मा कोणाला द्यावयाचा व कोणाला नाहीं, हें डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवतां, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें ठरविलें. प्लाझ्माच्या वांट्यास २३५ जण आले, दुसऱ्या गटांत २२९ राहिले. अठ्ठावीस दिवसांनीं हिशेब केला तेव्हां दुखणें विकोपास गेलेले किंवा दगावलेले रुग्ण पहिल्या गटांत ४४ निघाले, दुसऱ्यांत ४१. म्हणजे शेंकडा १९ आणि १८. सातव्या दिवशीं धाप व थकवा यांत पहिल्या गटास कांहींसा अधिक आराम पडला खरा. पण मृत्यूच्या दारांतून माघारें आणण्याचें सामर्थ्य त्या उपायांत आढळलें नाहीं. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्यें प्रसिद्ध झाला होता. ब्रिटनमध्यें ११,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या परीक्षेंतहि तेंच दिसलें. आपल्याकडील सरकारी उपचारसूचींतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे २०२१ मध्यें.

मग आमची समजूत कशी झाली? नवसासारखी. नवस फळलेलें घर गांवभर पेढे वांटतें. न फळलेलें घर दार लोटून घेतें. प्लाझ्मा घेऊन बरे झालेले दादा आमच्या डोळ्यांपुढें आहेत. तो न घेतांहि बरे झालेले, आणि घेऊनहि न उठलेले, आमच्या ओसरीवर येऊन बोलत नाहींत. त्या सर्वांस एका ओळींत उभें करून मोजणें, एवढेंच अशा संशोधनाचें काम.

वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "भाऊजी, माणसाच्या जिवाची का चिठ्ठी टाकायची?"

प्रश्न साधा नाहीं. परंतु ज्या उपायाचा गुण कोणासच निश्चित ठाऊक नाहीं, तो एकास मिळणें व दुसऱ्यास न मिळणें हीहि चिठ्ठीच होय. फक्त ती कोणी लिहून ठेवीत नाहीं, म्हणून पुढच्या रुग्णास तिचा उपयोग होत नाहीं. लिहून ठेवलेल्या चिठ्ठीचा कौल कधीं अनुकूलहि येतो. ब्रिटनमध्येंच जून २०२० मध्यें डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाचा गुण असाच सिद्ध झाला. कृत्रिम श्वासयंत्रावरील १०० रुग्णांपैकीं जेथें ४१ दगावत, तेथें या औषधानें ती संख्या २९ वर आली. दादांच्या केसपेपरावरहि तें औषध होतें. आमच्या घरांत त्याचें नांव कोणी घेत नाहीं.

पुतण्याचें जागरण यामुळें यत्किंचितहि लहान होत नाहीं. त्यानें चुलत्यासाठीं जें केलें तें प्रेमानें केलें, आणि प्रेमाचा हिशेब शेंकडेवारींत होत नसतो.

देव, ऋषि आणि पितर यांचीं ऋणें आपल्या शास्त्रांत सांगितलीं आहेत. त्या ४६४ रुग्णांचीं नांवें आपणांस कधींच कळणार नाहींत. आपल्या वांट्यास काय येईल हें ठाऊक नसतांना त्यांच्या घरच्यांनीं संमतिपत्र पुढें ओढलें, ही गोष्ट मात्र त्या ऋणांच्या यादींत मीं आपल्यापुरती लिहून ठेवली आहे.