४०० हर्ट्‌झ कुठे आहे?

ध्वनिमुद्रण शिकायला येणाऱ्या मुलांना आता सॉफ्टवेअर शिकवावं लागत नाही. प्रो टूल्स, नाहीतर रीपर, लॅपटॉपवर आधीच असतं आणि कॉम्प्रेसरवरचे व्हिडिओ त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेले असतात. मग एवढी फी भरून पदवी कशाला, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर त्यांना फारसं पटत नाही. एका चांगल्या खोलीत बसून एकच आवाज दहा जणांनी ऐकायचा आणि त्यावर भांडायचं, हे घरी जमत नाही.

वर्गाची सुरुवात पिंक नॉइजने होते. पत्र्यावरच्या पावसासारखा सलग आवाज. त्यातला एखादा पट्टा मी १२ डेसिबलने उचलतो आणि विचारतो, कुठला? सुरुवातीला सगळा अंदाजपंचे कारभार. ४००ला कोणी ८०० म्हणतं, कोणी शेजाऱ्याच्या वहीत बघतं. पुढे १२चे ६ होतात, ६चे ३, आणि ३वर भले भले गप्प बसतात. पण हळूहळू कानाला पत्ते कळायला लागतात. ४००च्या आसपास फुगलं की माणूस डब्यातून बोलतोय असं वाटतं. ६-७ हजारांवर वाढलं की 'स' टोचतो. आणि विजेचा हम ५०वर असतो, त्याचा भाऊ १००वर. ज्यांनी कधी तानपुरा जुळवलाय ती मुलं यात झपाट्याने पुढे जातात, असं माझं निरीक्षण आहे. गणितात हुशार असलेल्यांना याचा जरा रागच येतो.

हे खूळ माझं नाही. वॉर्सातल्या संगीत अकादमीत १९७०च्या दशकात 'टिंबर सोल्फेज' नावाने असे वर्ग सुरू झाले. त्याआधी १९४६मध्ये शोएनबर्ग या संगीतकाराने शिकागो विद्यापीठाच्या प्रमुखांना पत्र लिहून सुचवलं होतं, की ध्वनी सांभाळणाऱ्या माणसांना संगीत आणि भौतिकशास्त्र दोन्ही शिकवा. जर्मनीत डेटमोल्डला १९४९मध्ये टोनमाइस्टरचं, म्हणजे संगीत जाणणाऱ्या ध्वनितंत्रज्ञाचं, शिक्षण सुरू झालं, इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने १९७०मध्ये तोच धागा उचलला. तिथल्या मुलांना स्वरलिपीही वाचता यावी लागते आणि सर्किटही. आपल्याकडे या दोन गोष्टी शिकवणाऱ्या इमारती वेगवेगळ्या, आणि त्यांच्यात सहसा येणंजाणं नसतं.

भांडण बहुतेक वेळा खर्जावरून होतं. एकाला मिक्स भरदार वाटतं, दुसऱ्याला पोकळ. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवून दिलं, की आवाज लहान केला की कानाला खालचे स्वर इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणून सिनेमाच्या मिक्सिंग थिएटरमध्ये पातळी ८५ डेसिबलवर बांधून ठेवतात आणि आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, असा दंडक असतो. घरी हेडफोन लावून रात्री मिक्स करणाऱ्याचं बटण कुणी बांधायचं?

एकदा तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं. माइक भोपळ्याच्या अगदी जवळ होता. घुमारा भरपूर, पण जवारी, म्हणजे तारांचा झणकार, बुडालेली. एक मुलगा म्हणाला, ३००ला कापू. एक मुलगी म्हणाली, कापायचं नाही, माइक हलवायचा. दोघांनी आपापलं करून दाखवलं. त्याने ३००ला कापलं तर घुमारा गेला, पण जवारी काही वर आली नाही. तिने माइक वीतभर मागे घेऊन घोडीच्या रोखाने वळवला तर तारांची झिलई सुटी झाली, पण खोलीतल्या एसीची घरघरही आत आली. मग एसी बंद ठेवायला कुणाची परवानगी लागते, यावर चर्चा सुरू झाली, कारण खाली सर्व्हर होते आणि घामही सगळ्यांनाच येत होता. शेवटी दोन्ही टेक ठेवले. मुलाने पुढच्या तासाला माइक स्वतःच मागे घेतला, आणि वर त्याचं कारण म्हणून मला चुंबकीय हमवर एक भाषण दिलं, ज्याचा त्या तानपुऱ्याशी काहीही संबंध नव्हता.