अनामत

वडिलांनी परंड्यात घेऊन ठेवलेल्या जागेवर 2016 साली मी खाली दोन गाळे आणि वर दोन बिऱ्हाडे बांधली. भुसार मालाचा धंदा एका वर्षी तारतो, दुसऱ्या वर्षी बुडवतो, आणि आपल्याकडच्या पावसाचा भरवसा तर कुणीच धरू नये. दरमहा ठरलेली रक्कम घरात यावी, एवढीच इच्छा होती. बँकेचे कर्ज 12 लाखांचे, व्याज 10 टक्के, मुदत 10 वर्षे आणि हप्ता 15,858 रुपये. गाळ्यांचे प्रत्येकी साडेपाच हजार व बिऱ्हाडांचे प्रत्येकी चार हजार, असे भाडे 19,000 रुपये. कागदावर महिन्याला तीन हजारांवर शिल्लक राहत होती.

परंतु कागदावरचे घर कधी रिकामे राहत नाही, त्याचे छत गळत नाही आणि त्याला घरपट्टीही येत नाही. एक गाळा रिकामा झाला की भाडे 13,500 रुपये, हप्ता मात्र तोच. म्हणजे दरमहा 2,358 रुपये पदरचे घालायचे. ही तूट मी ज्या पैशातून भरत गेलो, तो पैसा माझा नव्हता. तो भाडेकरूंच्या अनामतीचा होता. ‘मागतील तेव्हा देऊ,’ असे मनाशी म्हणत मी तो वापरला आणि त्यात मला काही वावगेही वाटले नाही.

2020 च्या टाळेबंदीत लग्नसराई बुडाली, शाळांचे गणवेश शिवायला आले नाहीत. गाळ्यातील तरुण शिंप्याने भाद्रपदात दुकान बंद करण्याचे ठरवले. किल्ली पुढे ठेवून तो म्हणाला, “शेठजी, अनामतीचे तीस हजार तेवढे सवडीने द्या.”

अनामत पन्नास हजारांची होती. तीस हजार त्याने स्वतः दिले होते. उरलेले वीस हजार नंतर त्याच्या वडिलांनी आणून दिले होते. पावती मी दिली नव्हती. वडील मागल्या वर्षी वारले होते आणि मुलाला या रकमेची कल्पना नव्हती. माझ्या वहीत मात्र दोन्ही रकमा तिथीसह लिहिलेल्या होत्या. ते सारे आठवूनही मी एवढेच म्हणालो, “बघतो.”

दशलक्षण पर्वाचे दिवस होते. मंदिरे बंद असल्याने आम्ही घरीच स्वाध्याय करीत होतो. त्या रात्री तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचताना सत्याणुव्रताच्या अतिचारांपाशी मी थबकलो. पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ हा एक आहे. ठेव ठेवणारा विस्मरणाने कमी मागू लागला असता ‘तेवढेच होते’ म्हणून तेवढेच परत करणे, हा त्याचा अर्थ. लहानपणापासून हा शब्द मी पाठ म्हणत आलो होतो. त्यात माझे नाव लिहिलेले आहे, हे त्या दिवशी कळले. मी खोटे बोललो नव्हतो, नुसता गप्प बसलो होतो. पण वीस हजारांसाठी गप्प बसणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सकाळी आईला सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “वही त्याला दाखव.” बार्शीच्या मेहुण्यांकडून पन्नास हजार उसने घेतले आणि वहीचे पान उघडून त्याच्या हाती दिले. वडिलांच्या नावापुढची रक्कम पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही, परंतु हे गप्प बसणे वेगळे होते.

त्यानंतर काही नियम पाळत आलो आहे. अनामत आली की पावती द्यायची आणि रक्कम वेगळ्या मुदतठेवीत टाकायची. भाड्याचा हिशेब बारा नव्हे, दहा महिन्यांचा धरायचा आणि त्यात बसेल तेवढाच हप्ता घ्यायचा. करार नोंदवूनच करायचा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी मालकावरच टाकली आहे. करारात भाडे कमी दाखवायचे आणि उरलेले हातावर घ्यायचे, ही गावोगावची रीत. तिलाही त्याच सूत्रात ‘कूटलेखक्रिया’ असे नाव आहे. शिवाय तशी फारशी गरजही नाही. आयकरात भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, आणि कर्जाच्या व्याजाची वजावट निराळी.

परिग्रहाच्या मर्यादेत शास्त्रकारांनी क्षेत्र आणि वास्तू यांना पहिले स्थान दिले आहे. आमच्या गच्चीवरून परंड्याचा किल्ला दिसतो. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, हैदराबादचे निजाम असे किती धनी त्याने पाहिले! त्याची मुलुखमैदान तोफसुद्धा विजापूरला गेली. त्या तटाकडे पाहिले की वाटते, वास्तूपाशी आपणही भाडेकरूच आहोत. जाताना वहीत कुणाची अनामत बाकी राहू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.