द्राक्षांच्या गांवीं एक दिवस

प्रवासाचा बेत आंखणें ही कला आपल्या घरांतील बायकांनीं फार दिवसांपासून हस्तगत केलेली आहे. काशीयात्रा असो कीं कुलदेवतेचें दर्शन असो. कोणाला कोणतें पथ्य, कोणाला किती वाजतां चहा, कोणाचे गुडघे किती पायऱ्या चढतील, याचा हिशेब मांडल्यावांचून एकत्र कुटुंबाची गाडी हलत नाहीं. परंतु ज्या स्थळाचें नांव काढतांच घरांत दोन तट पडतात, तेथें सर्वांना बरोबर घेऊन जावयाचें असलें, म्हणजे ही कला पणाला लागते. आमच्या घरीं सध्यां ती वेळ आली आहे. येत्या फेब्रुवारींत नाशिकजवळचे द्राक्षमळे आणि तेथील एक वायनरी पाहण्यांत एक दिवस घालवावयाचा, असें घाटत आहे.

आपणां सर्वांस नाशिक ठाऊक आहे तें पंचवटीचें, काळारामाचें, सिंहस्थाचें. समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवरच्या या प्रदेशांत हिंवाळ्यांतल्या रात्री गार आणि दिवस उन्हाचे; द्राक्षाला हें हवामान मानवतें. तथापि तेथें वाइनचा धंदा फोफावला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. महाराष्ट्रांत या धंद्याला वळण लागलें १९८० नंतर पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूस सुला कंपनीनें १९९७ च्या सुमारास वेली लावल्या आणि २००० सालीं आपली पहिली वाइन बाजारांत आणली. पुढल्याच वर्षीं राज्य सरकारनें या उद्योगासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. आज गंगापूर, दिंडोरी, विंचूर, इगतपुरी अशा चहूं बाजूंना वायनऱ्या आहेत, आणि मुंबई-पुण्याचीं माणसें एका दिवसाची सहल म्हणून तेथें जातात.

आमचें जाणें मात्र निव्वळ सहलीचें नाहीं. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा दिंडोरी तालुक्यांतल्या एका वायनरींत तीन वर्षें नोकरीस आहे. तीन वर्षांत घरचें एकहि माणूस त्याचें काम पाहावयास गेलेलें नाहीं. दिवाळीला तो येतो, पावसापाण्याच्या गोष्टी बोलतो, आणि स्वतःच्या कामाविषयीं मात्र आपल्याच घरांत मुका राहतो. याचें कारण सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी तें बोलून दाखवीत नाहीं. माझ्या सासूबाईंचे थोरले बंधू नांवाजलेले वकील होते. दारूनें त्यांची वकिली गेली, मग राहतें घर गेलें, आणि पन्नाशीच्या आंत ते स्वतः गेले. आईच्या हातांतल्या पाटल्या सराफाकडे जातांना सासूबाईंनीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. अशा बाईला “काळ बदलला आहे” असें सांगणें हा नुसता उद्धटपणा होय.

धाकट्या भाऊजींनीं एकदां युक्तिवाद करून पाहिला. “आई, तूं जेवणानंतर द्राक्षासव घेतेस, तेंहि आंबवलेलेंच. त्यांतहि मद्यार्क असतोच कीं!”

सासूबाई शांतपणें म्हणाल्या, “मी तें वैद्यांनीं सांगितलें तितकेंच, चमच्यानें मोजून घेतें. दादाहि प्रथम मोजूनच घेत असे. मोजणारा हात केव्हां सुटेल, तें आधीं कोणालाच कळत नाहीं.”

तिथें वाद संपला. मात्र माझ्या मनांत बेताला आरंभ झाला तोहि तेथूनच. सासूबाईंचें म्हणणें खोटें पाडून त्यांना न्यावयाचें नाहीं. तें खरें धरून, त्यांना येतां येईल असा दिवस आंखावयाचा, असें मीं ठरविलें.

प्रथम ऋतु. थंड देशांत द्राक्षवेल हिंवाळ्यांत निजते. आपल्याकडे ती निजत नाहीं, म्हणून बागाईतदार वर्षांतून दोनदां कात्री चालवितो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोडी छाटणी. पीक एकच, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. मे महिन्यांत जाणाऱ्यास छाटलेले खुंट दिसतील, श्रावणांत नुसती हिरवी पानें. म्हणून फेब्रुवारी मुक्रर केला. सव्वीस जानेवारीची सुटी मुलांना सोयीची होती. परंतु त्या दिवशीं मद्यविक्री बंद असते, आणि वायनरी पाहावयास जाणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवलेलें बरें. शनिवार-रविवारची गर्दी आणि सासूबाईंची संकष्टी टाळून एक बुधवार काढला.

दुसरी गोष्ट वाहनाची. मुंबईहून नाशिक सुमारें १७० किलोमीटर. पहांटे पांचला निघाल्यास कसाऱ्याचा घाट चढून नऊपर्यंत गोदाकांठीं पोंचतां येतें. आम्ही नऊ माणसें, म्हणून चालकासह भाड्याची गाडी ठरविली. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास गाडी हांकणें हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी, घरचीं मुलें मागें बसलीं असतां पेल्याला तोंड लावलेल्या माणसाच्या हातीं गाडी देणें मला मान्य झालें नसतें.

तिसरी गोष्ट, लोभ आवरण्याची. एका दिवसांत चार वायनऱ्या पाहूं म्हणणाऱ्याच्या पदरीं शेवटीं फक्त धूळ आणि डोकेदुखी पडते. आम्ही एकच पाहणार. तोडणी पहांटेच्या गारव्यांत होते; ती पाहावयाची तर आदल्या रात्रीं मुक्काम हवा, म्हणून तो मोहहि सोडला. त्याऐवजीं वाटेंत एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा पाहूं. नाशिकच्या द्राक्षांतला फार मोठा वाटा अजूनहि खाण्याच्या द्राक्षांचाच आहे. थॉमसन, सोनाका यांचे मणी टपोरे, बिनबियांचे, पातळ सालीचे. शिराझ किंवा सॉव्हिन्यॉं ब्लां या वाइनच्या जातींचे मणी बारीक, बियांचे, जाड सालीचे. दोन्ही एकामागून एक चाखून पाहिलीं, म्हणजे हीं निराळीं पिकें आहेत हें मुलांना सांगावें लागणार नाहीं. दशम्या, चटणी आणि दहीभात त्याच मळ्यांत खाऊं. वायनरींत बाहेरचें अन्न सहसा चालत नाहीं.

वायनरींत काय पाहावयाचें, तें पुतण्यानें मला फोनवर तासभर सांगितलें. तीन वर्षांचें सांचलेलें तो एकदम बोलत होता. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें दाबून रस तेवढा घेतात; तांबडीसाठीं काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवितात, कारण रंग सालींत असतो. रसांतली साखर यीस्ट खातें, तिचा मद्यार्क होतो आणि कर्बवायु बाहेर पडतो. या क्रियेंत उष्णता निर्माण होते. ती वाढली तर सुवास उडून जातो, म्हणून पोलादी टाक्या बाहेरून गार ठेवाव्या लागतात. कांहीं तांबड्या वाइन पुढें महिनेच्या महिने ओकच्या पिंपांत मुरतात. “आणि काकू,” तो म्हणाला, “माझा अर्धा दिवस धुण्यांत जातो. टाकी, नळी, पंप, फरशी. एवढासा मळ राहिला तरी सगळा माल आंबट होतो.” मीं तें सासूबाईंच्या कानीं घातलें. विरजणाला हात लावूं न देणाऱ्या सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “म्हणजे त्याचें सोवळें माझ्याहून कडक दिसतें.”

राहिली चव घेण्याची गोष्ट. पांच-सहा प्रकारच्या वाइन घोट-घोट देतात. चव घेऊन थुंकून टाकण्यासाठीं भांडें ठेवलेलें असतें, आणि तसें करणें तेथें असभ्य मानीत नाहींत. तरीहि वाइनमध्यें बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो, हें विसरून चालणार नाहीं. म्हणून चव घ्यावयाची ती जेवणानंतर. ज्यांना घ्यावयाची नाहीं त्यांना कोणीं आग्रह करावयाचा नाहीं, आणि ज्यांना घ्यावयाची आहे त्यांनीं चोरून घ्यावयाची नाहीं. आमच्या घरांत दुसरें कलम पहिल्याहून कठीण आहे, हें मी जाणून आहें.

सासूबाईंनीं येण्याचें कबूल केलें आहे. त्यांच्या दोन अटी आहेत. आधीं काळारामाचें दर्शन, आणि परततांना गाडींत एकहि बाटली असतां कामा नये. दोन्ही आम्हीं मान्य केल्या. त्या पेला हातीं घेणार नाहींत, नातवाच्या धंद्याला शाबासकीहि देणार नाहींत. तशी अपेक्षा कोणीं करूंहि नये. परंतु तो दिवसभर काय करतो, तें पाहावयाचें आहे म्हणतात. पुतण्यानें पिंपांच्या तळघराच्या पायऱ्या मोजून कळविल्या आहेत, आणि खालीं एक खुर्ची ठेवीन म्हणाला आहे.

काल सासूबाईंनीं त्याला एवढेंच विचारावयास सांगितलें कीं, तुझ्याबरोबर काम करणारीं माणसें किती. त्याचें उत्तर आलें आहे, आणि त्या बेतानें बेसनाच्या लाडवांचें सामान त्यांनीं यादींत लिहून ठेवलें आहे.