रविवारचा पाऊस

आपल्या शाळेच्या पाठीमागचा ओढा ओलांडला कीं एक लहानशी वस्ती लागते. तेथें चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा आहे. गेल्या जूनपासून आम्ही दहावीचे पांच विद्यार्थी, विज्ञानाच्या गुरुजींबरोबर, दर शनिवारीं दुपारीं तेथील मुलांस हातानें करून पाहण्याचें विज्ञान दाखविण्यासाठीं स्वयंसेवक म्हणून जात असूं. शिकवावयास गेलेला मी तेथें काय शिकून आलों, तें येथें सांगावयाचें आहे.

निघण्यापूर्वीं गुरुजींनीं आम्हांस होशंगाबादची हकीकत सांगितली होती. मध्य प्रदेशांतील या जिल्ह्यांत (आजचा नर्मदापुरम् जिल्हा) इ. स. १९७२ मध्यें किशोर भारती व रसूलिया येथील क्वेकर मंडळींचें फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं १६ शाळांत प्रयोगांच्या द्वारें विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. दिल्ली विद्यापीठांतील व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ आपण होऊन या खेड्यांत येत. इ. स. १९७८ मध्यें पुण्याच्या मोटार-कारखान्यांतील एक तरुण अभियंते, श्री. अरविंद गुप्ता, रजा घेऊन तेथें गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृति घडवूं लागले. हा उपक्रम इ. स. २००२ मध्यें सरकारनें बंद केला. परंतु उत्तर पुस्तकांत न शोधतां आपल्या डोळ्यांनीं शोधावें, ही त्याची शिकवण राहिली आहे.

आमचें पहिलें साधन म्हणजे पाण्याची रिकामी बाटली. तिचा वरचा भाग कापून तोच उलटा बसविला कीं नरसाळें तयार होतें. बूड सपाट नसतें, म्हणून तळाशीं खडे घालून थोडें पाणी ओतावें व तेथें शून्याची खूण करावी. वर मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवावी, कीं पर्जन्यमापक झाला! एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें कळल्यावर मुलांनीं आपल्या शाळेचें छप्पर मोजलें आणि एका रात्रींत किती घागरी पाणी ओढ्यास वाहून गेलें, याचा हिशेब मांडला. हवामानखात्याच्या रीतीप्रमाणें रोज सकाळीं साडेआठ वाजतां नोंद घ्यावयाची असे ठरलें. एक बाटली शाळेंत ठेविली. दुसरी चौथींतील एका मुलीनें हौसेनें आपल्या अंगणांत मांडली. सुटीच्या दिवशींची शाळेंतील नोंद आम्हां पांच जणांकडे पाळीपाळीनें होती.

जुलैमधील एका रविवारीं माझी पाळी होती. पहाटेपासून पाऊस कोसळत होता. मीं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलें व गेलोंच नाहीं. सोमवारीं जाऊन पाहतों तों बाटलींत ३७ मिलिमीटर पाणी! त्यांत रविवारचें किती आणि सोमवारचें किती, हें कोण सांगणार? मीं १८ व १९ असे दोन आंकडे वहींत भरून टाकले. बेरीज तर बरोबर होती; मनाची समजूत घालावयास तेवढें पुरें झालें.

शनिवारीं फळ्यावर दोन्ही बाटल्यांचे स्तंभालेख शेजारीं शेजारीं काढले. इतर दिवशीं ते मिळते होते. परंतु त्या मुलीचे आंकडे रविवारीं ३१ आणि सोमवारीं ५! मुलें हंसूं लागलीं. ती मुलगी क्षणभर फळ्याकडे पाहत राहिली. मग खालीं मान घालून आपल्या वहींतील आंकडा खोडरबरानें पुसूं लागली. "दादा, तुमचाच आंकडा खरा असंल. माझंच चुकलं," ती म्हणाली.

त्या वेळीं गप्प बसणें सोपें होतें. खरें काय तें माझ्याशिवाय कोणासच ठाऊक नव्हतें. परंतु भर पावसांत वेळेवर उठून जिनें खरें लिहिलें, ती आपलें खरें पुसत होती आणि माझें खोटें फळ्यावर ताठ उभें होतें. मीं तिचा हात धरला व सर्वांदेखत घडलें तें सांगितलें.

गुरुजी रागावले नाहींत. त्यांनीं त्या मुलीस तिच्या दोन दिवसांची बेरीज करावयास सांगितलें. ती ३६ आली. शाळेच्या बाटलीचे दोन दिवसांचे मिळून ३७. "दोन जागीं एवढा फरक पडावयाचाच," ते म्हणाले, "म्हणजे हिनें नीट पाहिलें आहे." मग त्यांनीं माझे दोन्ही स्तंभ पुसविले आणि माझ्याच हातानें लिहविलें, "रविवार, नोंद नाहीं. दोन दिवसांचे मिळून ३७." ती मुलगी हंसली व पुसलेला ३१ तिनें पुन्हां ठळक लिहिला.

तो तक्ता अद्याप त्या शाळेच्या भिंतीवर आहे. त्यांतील कोरी जागा पाहिली कीं मला आतां लाज वाटत नाहीं. ती जागा खरी आहे. ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडण्याचें धैर्य मला पुस्तकांत मिळालें नव्हतें; तें ओढ्यापलीकडील चौथीच्या वर्गांत मिळालें. यंदा पाऊस लागला कीं रविवारची पाळी मीं मागून घेतली आहे.