माणशी किती लिटर?

पर्यावरण म्हटलं की शाळेत घोषणा, भित्तिपत्रकं आणि जुलैतल्या वृक्षारोपणाचा फोटो, एवढं ठरून गेलं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतो. आधी लातूर जिल्ह्यात होतो, आता नांदेडात मुखेडकडे आहे. इथल्या मुलांना ‘पाणी वाचवा’ सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगेत उभी राहणारी चौथीतली पोर ते माझ्याहून चांगलं जाणते. शाळेनं तिला द्यायचं ते मोजमाप, असं मी मानतो.

भागाकार शिकवताना मी 2016 चा एप्रिल फळ्यावर घेतो. मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. आकडा ऐकूनच वर्ग हरखतो. मग 2011 च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या लिहायची, साधारण 3 लाख 80 हजार. भागून माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर येतं. “सर, एक तांब्याच की!” असं कुणीतरी म्हणतंच. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. ते गणित मुलं आपणहून करतात.

पावसाळ्यात पर्जन्यमापक. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं होतं. बूड खोलगट असतं, म्हणून खाली खडे टाकून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि त्या रेघेवर पट्टी चिकटवायची. जागा मोकळी हवी. झाडाखाली किंवा भिंतीलगत ठेवलेली बाटली खोटं बोलते. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, आमची शाळा भरते त्यानंतर. म्हणून नोंदीचं काम शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडं. पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहायचं. हे शून्य लिहायला लावणं सगळ्यांत अवघड, आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पेरणीनंतर पावसानं किती दिवस ओढ दिली, ते या शून्यांतूनच कळतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमचा वर्ग सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. वर्षात 800 मिलिमीटर पडला, तर एवढ्याच छतावर 24 हजार लिटर. हा गुणाकार सुटला की मुलं बाहेर जाऊन पन्हळीखाली उभी राहतात.

मग हे पाणी जातं कुठं? दोन बाटल्यांच्या बुडांना भोकं पाडून घ्यायची. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम. दोन्हींत सारखंच पाणी ओतायचं. मुरमातून ते लगेच गळतं. काळी माती फुगते, पाणी धरून ठेवते. मेमध्ये तीच माती भेगाळते, तेव्हा ज्वारीचं धाट भेगेत घालून खोली मोजायची. खाली बेसॉल्टचा खडक आहे, त्यात भेगा नसतील तिथं पाणी साठायला जागा नाही. आपल्याच आळीतल्या दोन बोअरपैकी एकाला पाणी का आणि दुसऱ्याचा फुफाटा का, हे इथं मुलांना पटतं.

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, लेंडी धरणाच्या परिसरातली गावं पाण्यात गेली. त्यानंतर वर्गातले प्रश्न बदलले. 65 मिलिमीटरची अतिवृष्टीची रेघ पट्टीवर लाल रंगानं मारावी, ही सूचना मुलांचीच. पावसाचा सरकारी आकडा महसूल मंडळाचा, आणि एका मंडळात गावं कितीतरी. पाऊस मात्र शिवार सोडून पडतो. ओढ्याच्या अलीकडं चिखल आणि पलीकडं फुफाटा, हे इथला प्रत्येक शेतकरी सांगेल. म्हणून प्रत्येक शाळेची स्वतःची वही असावी, असा माझा आग्रह आहे. शेजारच्या तांड्यावरच्या शाळेनं यंदा आमच्याकडून बाटली करून नेली आहे. दर शनिवारी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायचं ठरलं आहे.