गाठोड्यात काय बांधावं?

आमच्या यवतमाळला समुद्र नाही. वादळ म्हटलं की आम्हांला आठवतं ते मे-जूनमधलं वारा-वावधान. चार पत्रे उडाले, कडुलिंबाची फांदी तारेवर पडली, रात्रभर लाइट गेली, की संपलं. त्यामुळे ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा टी.व्ही. समोर बसून सगळं पाहिलं तरी नीटसं काही कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. तिला श्रीवर्धन तालुक्यात दिली आहे. दहा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी आणि कौलारू घर, एवढाच त्यांचा संसार. कितीतरी दिवस फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाली, “अगं, स्वयंपाकघरात बसून आभाळ दिसतंय.”

त्यातून ते लॉकडाउनचे दिवस. भावाला जावंसं वाटलं तरी जाता येईना. कौलं मिळेनात, पत्र्यांचे भाव चढलेले. विजेचे खांब हजारोंनी आडवे झालेले, काही गावांत महिना-महिना दिवे आले नाहीत.

आपल्याकडे कपाशी बुडाली तर वर्ष बुडतं. दुःख मोठंच, पण पुढच्या मृगात पुन्हा पेरता तरी येतं. पोफळीचं तसं नसतं. रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. नारळाचंही थोडंफार तसंच. शिवाय त्या उंच झाडांच्या सावलीत जायफळ असतं, खोडावर मिरीचा वेल चढवलेला असतो. वरची झाडं पडली की खालचं सगळंच उन्हात येतं. बहिणीच्या आजेसासऱ्यांनी लावलेली झाडं त्या एका दुपारी आडवी झाली.

सरकारने मदत वाढवली, हेक्टरी ५० हजार रुपये. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांवर मोजायच्या. शंभर गुंठ्यांचा हेक्टर, म्हणजे दहा गुंठ्यांना पाच हजार! लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढे झाडामागे हिशेब ठरला. नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. पडलेलं झाड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी किती, ते बहिणीने मला सांगितलं नाही. नुसती हसली.

आता खरी गोष्ट सांगते. मदत पुष्कळ आली, असं ती म्हणते. मुंबई-पुण्याची मंडळी टेंपो भरभरून आली. बिस्किटांचे पुडे इतके आले की मुलं कंटाळली. कपड्यांचे ढीग आले. त्यात एक जरीचा घागरा होता आणि बटणं तुटलेले शर्ट तर कितीतरी. बाहेर पाऊस कोसळतोय, घरावर छप्पर नाही, आणि हिच्या हातात घागरा! सगळ्यांत उपयोगी काय पडलं विचारलं, तर म्हणाली, “ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. मग मेणबत्त्या. आणि एका मुलीने घरातल्या बायकांना बाजूला बोलावून, महिन्याच्या कपड्यांचं काय करता, असं हळूच विचारलं. ते दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.”

खरंच, मैत्रिणींनो, आपल्या तरी कुठे येतं? घर ओलं, दुकानं बंद, आणि पाळी काही वादळ बघून थांबत नाही. दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेचं काम मला एवढ्याचसाठी आवडतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दान आलेल्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कोळी बायकांनी ते घालावेत तरी कसे? या संस्थेने ते कपडे निवडले, कामी लावले. जुनं सुती कापड धुऊन, उकडून त्याच्या घड्या बायकांसाठी करण्याचं कामही ही संस्था करते. संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सगळं मी ऐकून होते, म्हणून आमच्यावर वेळ आली तेव्हा बोलू शकले. २२ जुलै २०२३ चा शनिवार यवतमाळकर विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस. सकाळी वाघाडी नदी काठच्या वस्त्यांत शिरलेली. तिकडे महागाव तालुक्यात आनंदनगरला माणसं पाण्यात अडकली, त्यांच्यासाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. शेतांतली मातीच खरडून गेली, नुसते गोटे उरले.

दोन दिवसांत आमच्या महिला मंडळाने कपडे गोळा करायला घेतले. आमच्या घरून सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि विरलेल्या सहा साड्या काढल्या. मी म्हटलं, “आई, यातली एक तरी तुम्ही बाहेर नेसून जाल का?” त्या रागावल्या. “दानाला नावं ठेवू नये. गरजवंताला काय, काहीही चालतं.” आमच्या ह्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. शेवटी दोन सुती साड्या घड्यांसाठी धुऊन-उकडून घेतल्या, बाकीच्या परत ट्रंकेत गेल्या. दोन दिवस घरात बोलणं बेताचंच होतं.

वस्तीत गेलो तर तिथेही तेच. एका बाईने पुढे केलेली साडी उलटसुलट करून पाहिली, फाटका पदर दिसला, आणि ती शांतपणे परत दिली. आमच्यातली एक पुटपुटली, “गरज आहे, पण ऐट बघा!” मला ती ऐट वाटली नाही. दुकानात आपण साडी उलटून बघतोच ना? पूर आला म्हणून तिची नजर का जावी?

तिच्याशी बोलत बसले. घरात गुडघाभर चिखल झाला होता, तो तिने काढला होता. दोरीवर मुलीची पुस्तकं उघडून वाळत घातलेली. कोपऱ्यात शिवणमशीन, चाक गच्च बसलेलं.

“बाई, साड्या तं लय आल्या,” ती म्हणाली. “मायी मशीन तेवढी चालू करून द्या. साडीचं मी पाहून घेईन.”

मंडळात मी हे मांडलं तेव्हा बराच वाद झाला. एकीला मशीन दिली तर दहा जणी मागतील, हा मुद्दा खोटा नव्हता. पण दहा जणींना दहा प्रकारच्या वस्तू लागतात, हेही तितकंच खरं. कुणाचा हातगाडीचा टायर, कुणाचा वजनकाटा, कुणाला फक्त ओल्या कागदपत्रांच्या प्रती काढायला आणि तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी सोबत यायला कुणीतरी हवं होतं. या शेवटच्या कामाला पैसा लागत नव्हता, पण दुपारच्या दुपारी जात होत्या. माझी शाळा सकाळची, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. आम्ही वही केली. घरोघर जाऊन, काय हवं ते आधी विचारायचं आणि मग गाठोडं बांधायचं. कपडे द्यायचेच तर धुतलेले, बटणं लावलेले, साडीसोबत परकर आणि ब्लाऊजचं कापड. सुती घड्या वेगळ्या पिशवीत, आणि त्या बाईनेच बाईच्या हातात द्यायच्या. सगळ्या घरांपर्यंत आम्ही पोचलो नाही. वही भरली आणि पैसे आधी संपले.

मशीन मात्र दुरुस्त झाली. कारागिराने ती पूर्ण खोलून रॉकेल नि तेलाने धुतली, गंजलेले दोन भाग बदलले. आज आमच्या कॉलनीतल्या निम्म्या साड्यांना फॉल तीच लावते. सासूबाईंच्याही. त्या दर वेळी भाव कमी करायला सांगतात, आणि ती दर वेळी नाही म्हणते.